तळ्यात ठेवलेली फळी

एक गंजका खिळा.

गेटाखाली अंथरलेला ओला पेंढा. त्याला औषधाचा उग्र वास.

निळी पाकळी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.

जळणारी लोकर.

माझ्यावर टेकलेला बुटाचा तळवा.

"मेंढी आहे ती, गाढवा!"

मित्रांनो, एवढेच तुकडे हाती लागतात. भीती वाटली की गोष्ट अशीच तुटते. तरी जोडून पाहते.

मी एक जुनी फळी आहे. दाराएवढी रुंद, एल्म वृक्षाच्या लाकडाची, अंगभर खिळे ठोकलेली. आमचे गाव स्कॅरलो. एका दुष्काळात आसपासचे सगळे झरे आटले, आमच्या विहिरीचा आटला नाही. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, गाव तिला फुलांचे चित्र वाहते. ते चित्र माझ्यावर असते. माझ्या अंगावर चिकणमाती थापतात. खिळे ती धरून ठेवतात. मग मातीत एकेक पाकळी दाबून बसवतात, खालून वर, कौलांसारखी, म्हणजे पाऊस ओघळून जातो. त्या आठवड्यात लोक माझ्यापुढे टोपी काढतात. पुढच्या आठवड्यापासून कोठारात कोंबड्या माझ्यावर बसतात.

पण माती थापण्याआधी मला तळ्यात बुडवून ठेवावे लागते. कोरडे लाकूड मातीतले पाणी पिऊन टाकते आणि चित्र तडकते. शहरातून गावात राहायला आलेल्या पेम्बर्टनसाहेबांना हे पटले नव्हते. "तळं कशाला? सकाळी पाइपाने पाणी मारा, झालं!" ते म्हणाले होते. त्या वर्षी त्यांचे ऐकले. पाद्रीबाबांनी प्रार्थना संपवली आणि चित्रातल्या संत पीटरचा जबडा सरकत सरकत विहिरीत पडला.

"साहेब, तुमच्या संताला तहान लागलेली दिसतेय," सेथ म्हणाला. सगळे हसले. म्हातारी माणसे हसली नाहीत. पुढे कितीतरी दिवस ती येता-जाता विहिरीत वाकून पाहत. पाणी आहे ना?

तेव्हापासून मला बुडवण्याचे काम सेथने कुणालाच करू दिले नाही. सेथ वाइल्डगूज म्हणजे तळ्याकाठचा मेंढपाळ. घरात एकटा. त्याची मोठी बहीण डॉर्कस गावात राहते. पाकळ्या लावण्यात तिचा शब्द शेवटचा.

आता ते वर्ष.

जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली. रोग पायांबरोबर आत येऊ नये म्हणून गेटाखाली औषधात भिजवलेला पेंढा अंथरला. गुरुवारला अजून बराच अवकाश होता, तरी सेथने मला खांद्यावर घेतले. "गेट बंद व्हायच्या आत एवढं तरी करून ठेवतो," तो मला म्हणाला की मेंढ्यांना, कळले नाही. तळ्याच्या उतारावर त्याने मला आडवे केले आणि तरंगू नये म्हणून वर दगड ठेवले. माझ्यापुढे तळे एकदम खोल होते. माझ्या दोन लहान बहिणी, चित्राच्या बाजूच्या फळ्या, कोठारातच राहिल्या.

मग गेट बंद झाले. साथ संपेपर्यंत कुणी आत यायचे नाही, बाहेर जायचे नाही.

पाण्याखाली मला काही दिसत नव्हते. घाबरवायला ऐकू येणेच पुरेसे होते. गाड्यांचा आवाज. अनोळखी माणसे. रोग शेजारच्या मळ्यात निघाला होता. सेथच्या मेंढ्या धडधाकट होत्या, पण जनावरे मारण्याचा सरकारी नियम लागूनच्या मळ्यालाही होता. एका सकाळी ठाक, ठाक असे आवाज सुरू झाले. दुपारी ते थांबले, आणि त्यानंतर एकही मेंढी ओरडली नाही.

रोगाचे पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून त्या माणसांनी तळ्यात येणारा आणि तळ्यातून जाणारा, दोन्ही पाट बुजवले. नवे पाणी येईना, तळे उतरू लागले. माझी एक कड उघडी पडली. मित्रांनो, पूर्ण बुडालेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते. पूर्ण कोरडेही टिकते. कुजते ते काठावरचे. त्या उघड्या कडेने मी धूर हुंगला, आधी लोकरीचा, मग लाकडाचा. कोठारातले सगळे लाकूड जाळायचे, असा हुकूम निघाला होता. माझ्या बहिणी कोरड्या होत्या. त्या पटकन पेटल्या.

मी वाट पाहत होते. सेथ येईल. तो येईना. माझी कड मऊ पडली, तिच्यात किडे शिरले. मला वाटले, तो मला विसरला. मग त्याहून वाईट काहीतरी मनात आले, आणि विसरला असेल तर बरे, असे वाटू लागले.

गुरुवारी तो आला.

बूट न काढता तो पाण्यात उतरला. मला काढायला आला असता, तर वाकला असता. तो वाकला नाही. दगडांमधून वाट काढत माझ्यावर चढला आणि माझ्या पलीकडच्या कडेशी, कमरेएवढ्या पाण्यात, खोल पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्याखाली होते आणि मला काहीही करता येत नव्हते.

"सेथ! ए सेथ!"

रस्त्याकडच्या दगडी भिंतीवरून डॉर्कस ओरडत होती; उघड्या कडेने मला ती दिसली. आत यायला तिला बंदी होती. तिने दोन्ही हातांनी पाव कापायची फळी डोक्यावर धरली होती. तिच्यावर माती, मातीत निळ्या पाकळ्या आणि मध्ये अंड्याच्या टरफलांचे काहीतरी पांढरे.

सेथने मान वळवली. डोळे बारीक करून त्याने ते चित्र पाहिले.

"कुत्रं का काढलंस?"

"मेंढी आहे ती, गाढवा!"

"तिला तीनच पाय आहेत."

"टरफलं संपली! कोंबड्या तुझ्याकडे आणि तू इथे कोंडून बसलायस, मी काय स्वतः अंडी घालू?"

"माती तडकलीय, डॉर्कस. फळी भिजवली नाहीस."

"भिजलेली फळी कुठे आहे मग? तिच्यावर तर तू उभा आहेस! उतर तिच्यावरून. काढ तिला बाहेर."

"कशाला? यंदा कोण येतंय?"

"पुढच्या वर्षी येतील."

"पुढच्या वर्षी मेंढ्या नसतील."

डॉर्कसने ती पावाची फळी आणखी उंच धरली.

"विहीर असेल ना," ती म्हणाली. "आणि ही एवढीशी फळी धरता धरता माझे हात मोडले. तुझी मोठी मला उचलवणार आहे का? काढ, सेथ. मी इथेच उभी आहे."

तो वाकला.

पहिला दगड बाजूला झाला तेव्हा माझ्या अंगावर उजेड पडला. त्याने मला ओढले, तेव्हा कुजलेली कड त्याच्या हातात तुटून आली. तिचा एक तुकडा त्याने खिशात घातला. का, ते मला ठाऊक नाही.

आता मी चार बोटे अरुंद आहे. माझ्यावरची चित्रेही. दर वर्षी पाणी अंगावर चढू लागले की मी अजून घाबरते. तुम्हाला एवढेच सांगते, मित्रांनो: कोरड्या फळीवर माती थापू नका. आणि बुडवलेली फळी काढायला कुणी गेले आहे का, ते स्वतः जाऊन पाहा.

मला पहिल्यांदा तळ्यात ठेवले, तेव्हा दगड कमी पडले होते, म्हणून डॉर्कसने आपल्या लहानग्या भावाला, सेथला, वजन म्हणून माझ्यावर उभे केले होते.