खुर्ची डावीकडे का झुकते?

मुलीने दिलेला जुना कॅमेरा सुताराने अठ्ठावन्नाव्या वर्षी हातात घेतला. गिऱ्हाइकांना दाखवायला आपल्या खुर्च्यांचे फोटो हवेत, एवढंच त्याच्या मनात होतं. चाळीस फोटो काढले, एकही धड आला नाही. रविवारी मेव्हणी घरी आली. तिचा फोटो स्टुडिओ होता, म्हणून त्याने ते फोटो तिच्यापुढे ठेवले.

“भाऊजी, ही खुर्ची आहे की तिची सावली?”

“अगं, कालच पॉलिश केलीय!”

“दिसतंय कुठे? मागे खिडकी आहे, सगळी काळवंडलीय. उजेड बाजूने येऊ द्या. आणि इथे खुर्चीवर बसलेल्या ताईच्या डोक्यातून झाडू उगवलाय.”

“काय उगवलंय?” सुताराची बायको आतून ओरडली.

“आधी मागे काय आहे ते बघायचं. आणि उभ्याने नका काढू. गुडघे टेका, कोपरं पोटाशी धरा.”

कण्हत-कण्हत सुतार खाली बसला. फोटो स्वच्छ आला, पण खुर्ची डावीकडे झुकलेली.

“कॅमेरा तिरका धरलात. नवशिक्यांचं होतंच तसं.”

सुताराला ते पटेना. त्याने कॅमेरा स्टुलावर ठेवला, बुडबुड्याची पाणसळ लावून सरळ केला आणि पुन्हा फोटो काढला. खुर्ची डावीकडेच. दुसरी खुर्ची आणली, तीही तशीच. फरशीवर पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. मग तो कामाच्या बाकाकडे गेला. तिथे मात्र बुडबुडा सुळकन एका टोकाला पळाला. बाकाचा एक पाय झिजला होता आणि त्याच बाकावर खुर्ची उभी करून, बैठक पाणसळीने सरळ धरून तो तिचे पाय बाकाच्या पातळीला कापायचा.

“कधीपासून असेल हे?” बायकोने विचारलं.

ते त्यालाही जाणून घ्यायचं होतं. कॅमेरा आणि पाणसळ घेऊन तो निघाला. घड्याळजीकडची खुर्ची बारा वर्षांपूर्वीची, ती अगदी सरळ निघाली. “माझा काढा की फोटो, खुर्चीचा काय काढताय?” घड्याळजी म्हणाला. शाळेतल्या बाईंची तीन वर्षांपूर्वीची खुर्ची मात्र झुकलेली होती. सुताराने खाली मान घालून सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, “म्हणजे माझ्या कंबरेत काही बिघाड नाही? तीन वर्षं मी उशी घेऊन बसतेय!”

सुताराने खुर्ची उचलून खांद्यावर घेतली. “परवा सरळ करून आणतो,” तो म्हणाला.