पोटात एकोणीस गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे, आणि एका सकाळी बेकरीच्या टेबलावर माझ्या पोटातून एकोणीस गोळ्या निघाल्या. त्यानंतर एक बाई मोठ्याने रडली आणि तिथून पुढे सगळे हळूहळू बरे होत गेले.

पण ही झाली शेवटाकडची गोष्ट, तर समजा हे मी बोललोच नाही. असे काही घडलेलेच नाही. गोळ्या नाहीत, रडणे नाही. मी अजून पत्र्याचा एक तुकडा आहे आणि कारखान्यात दोन माणसे मला ठोकत आहेत.

त्यांनी मला टोमॅटोच्या आकाराचा केला. लाल रंग, वर हिरवे देठ. देठ पिरगाळले की मी टिकटिक करायचो आणि वेळ भरली की किणकिणायचो. पुढे लाल रंग उडाला, तेव्हापासून लोक मला बटाटा समजतात. माझी तक्रार नाही. आकार तोच आहे, फक्त भाजी बदलली.

माझी नेमणूक एका छोट्या बेकरीत झाली. बेकरी नवरा-बायकोची होती. तो भट्टी सांभाळायचा, ती कणीक. तो तिला मालकीणबाई म्हणायचा, कारण बेकरीत कुठलाही निर्णय त्याने घेतल्याचे कोणाला आठवत नव्हते. पहाटे ती मैद्याचे पोते उघडायची आणि खोलीभर पांढरे धुके पसरायचे. त्या धुक्यात दिवा तरंगायचा, टेबल तरंगायचे, तिचे हात तरंगायचे. परातीत कणीक झोपेत श्वास घेतल्यासारखी वर यायची. मीही टिकटिकता टिकटिकता स्वप्ने पाहायचो. एका स्वप्नात कणीक फुगून खिडकीबाहेर गेली, गल्ली भरून गेली आणि सगळी माणसे तिच्यावर डोके टेकून झोपली. कोणालाही कामावर जायला उशीर झाला नाही, कारण कामेही झोपली होती.

"हा नसता तर माझे पाव जळून कोळसा झाले असते," असे ती गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. माझ्या आयुष्यातला तो मानाचा काळ होता.

मग एका वर्षी ती भट्टीजवळ स्वेटर घालून बसू लागली. जिथे इतरांचे कपाळ भाजून निघते, तिथे. तिचा आवाज घोगरा झाला. बोटातली अंगठी रुतू लागली. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा आणि मळता मळता ती मध्येच स्टुलावर बसायची. जणू ती पाण्याच्या तळाशी होती आणि आम्ही सगळे वरून तिच्याशी बोलत होतो.

"मालकीणबाई, अजून एक स्वेटर आणू, की भट्टीतच बसता?" नवऱ्याने एकदा चेष्टा केली.

एरवी तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी ती नुसती म्हणाली, "बसू का?"

त्याच्या हातातला पाव खाली पडला. त्याने तो बराच वेळ उचलला नाही.

तिची धाकटी बहीण शिवणकाम करायची. एका वर्षात तिने ताईचा तोच पोशाख तिसऱ्यांदा सैल केला होता. माप घेता घेता ती म्हणाली, "ताई, तू चिमणीएवढं खातेस आणि शिवण म्हशीसारखी उसवतेस. हे माझ्या कात्रीच्या हाताबाहेरचं आहे. चल डॉक्टरकडे."

रक्त तपासले. डॉक्टरबाईंनी सांगितले की गळ्यात थायरॉइड नावाची एक छोटी ग्रंथी असते, ती साऱ्या शरीराला चावी देते आणि हिची चावी सैल पडली आहे. बेकरीत परतल्यावर हे बोलणे झाले तेव्हा ते सर्वांत आधी मला समजले, कारण मीही चावीवरच चालतो. उपाय एक गोळी. रोज सकाळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग पाऊण तास तोंडात काही घालायचे नाही.

दोन महिने गोळी झाली. रिपोर्टमधला आकडा मात्र जागचा हलला नाही. "उपाशीपोटीच घेता ना?" डॉक्टरबाईंनी विचारले. "अगदी उपाशी," ती म्हणाली, आणि ती खोटे बोलत नव्हती. घोळ कुठे होता, ते एका पहाटे बहीण बेकरीत आली तेव्हा कळले.

"ताई, तोंडात काय आहे?"

"पहिला पाव. मीठ बघतेय."

"आणि गोळी?"

"घेतली की, आत्ताच."

"अगं, मग उपाशी कुठे राहिलीस?"

"उपाशीच आहे! चव घेणं म्हणजे काय खाणं असतं का?"

नवऱ्याने मान डोलावली. "बरोबर आहे. आमच्या धंद्यात चव पोटात जात नाही."

"मग कुठे जाते, भावजी? खिशात?"

दोघांनी विचार केला. वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पहिला पाव, वर दुधाच्या चहाचे चार घोट, तेही पावाची चव नीट कळावी म्हणून. खाणे असे त्यात काहीच नव्हते.

त्या दिवसापासून मला नवे काम मिळाले. ती गोळी घेई, माझे देठ पिरगाळी आणि मी किणकिणेपर्यंत तोंड मिटून बसे. चव घ्यायचे काम नवऱ्याकडे गेले. वाफेने त्याची जीभ कधीच मेली होती. आठवडाभर पाव इतके खारट झाले की गिऱ्हाइके पावाबरोबर पाण्याची बाटलीही मागू लागली.

पण आकडा हलला. आणखी दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, नॉर्मल. नवऱ्याने तो बिस्किटांच्या बरणीवर चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. एका आजोबांनी "हे कितीला?" असे विचारले.

तिचा स्वेटर उतरला. अंगठी सैल झाली. आवाज परत आला. पण मित्रांनो, आवाजाला बोलण्यासारखे काही सापडेना. ती धुक्यात उभी राही आणि धुके विरले तरी ते तिच्याभोवती तसेच असे. खिडकीत ऊन यायचे, टेबलापर्यंत यायचे आणि तिच्या हाताशी येऊन थांबायचे, जणू आत येऊ का म्हणून विचारत होते. "आता काय झालंय? रिपोर्ट तर छान आहे!" सगळे म्हणत. ती मान हलवी. आपण फसवणूक करतो आहोत, असा तिचा चेहरा होई.

आणि मग एका सकाळी तिने गोळी तोंडात न टाकता माझ्या पाठीच्या फटीतून आत सोडली.

मला वाटले, चुकून पडली. दुसऱ्या दिवशी दुसरी पडली. तरी ती देठ पिरगाळायची आणि पाऊण तास बसायची. मी कशाचा पाऊण तास मोजतो आहे, हे मला ठाऊक होते. मला तोंड नाही. असते तर मी ओरडलो असतो. मित्रांनो, तिच्याऐवजी त्या गोळ्या मीच घेतल्या. सगळ्या उपाशीपोटी. मला काडीचा फरक पडला नाही.

तिला मात्र पडला. स्वेटर परत आला.

एकोणिसाव्या गोळीला माझे चाक अडले. मी किणकिणलो नाही. ती स्टुलावर वाट बघत बसली. कणीक परातीबाहेर आली, टेबलावरून ओघळली, फरशीवर टेकली. ती बघत राहिली. नवरा आला, त्याने मला उचलून हलवले. मी खुळखुळ्यासारखा वाजलो. त्याने सुरीच्या टोकाने माझी पाठ उघडली.

गोळ्या टेबलावर पसरल्या. त्याने त्या एकेक करून मोजल्या. मग हळूच म्हणाला, "हे काय गं?"

"रिपोर्ट बिघडवत होते."

"कशाला?"

"नॉर्मल आला ना. आता विचारलं, काय झालंय, तर सांगू काय? थायरॉइड होतं तोवर नाव तरी होतं. आता नुसती मीच उरले." आणि ती मोठ्याने रडली. आजवर या बेकरीत इतका मोठा आवाज फक्त माझा होता.

 नवऱ्याने काउंटरवर जाऊन रिपोर्ट ओढून काढला. बरणीचे झाकणही त्याबरोबर आले. ते हातात घेऊनच तो परत आला आणि तिच्याजवळ पिठातच बसला.

"मी आकड्याला विचारत बसलो," तो म्हणाला. "तुला विचारलंच नाही. सांग, मी ऐकतो. पाव जळू देत."

तिने सांगितले. पाव जळले. ती वेळ मोजायला मी नव्हतो. मी टेबलावर पाठ उघडी टाकून पडलो होतो.

त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून दोघे डॉक्टरबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ती उद्यापासून पुन्हा सुरू. थायरॉइड मंदावला की मन खचू शकते. पण कधी कधी आकडा सुधारतो आणि मन मागे राहते. तो आळस नाही, नाटक नाही, तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळे औषध आहे. त्यांनी मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

आता ती दर आठवड्याला तिथे जाऊन बोलते. दुसरी एक गोळी आहे. नवऱ्याने मला दुरुस्त केले, फट मात्र बुजवली नाही. "विश्वास आहे," म्हणाला, आणि तरी रोज एकदा मला हलवून बघतो. पाऊण तास तो तिच्या शेजारी बसतो. कधी ती बोलते, कधी दोघे कणकेकडे बघतात. कालच्यासारखे दिवस अजून येतात. काल ती दुपारपर्यंत उठलीच नाही. आज मात्र तिने खारट पावावरून त्याच्या सात पिढ्या काढल्या. पाचव्या पिढीपर्यंत येता येता त्याचे डोळे भरून आले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी तळाशी बसले असेल, तर कागद वाचून झाल्यावर माणसालाही विचारा. आणि औषध चालू असेल, तर ते टायमरला देऊ नका. एवढे सांगून मी माझा एक अर्ज सादर करतो.

प्रति, मा. प्रमुख, रक्ततपासणी विभाग. विषय: एक ओळ वाढवून मिळणेबाबत. महोदय, अहवालात जिथे जिथे 'नॉर्मल' असा शब्द येतो, तिथे त्याखाली ठळक अक्षरांत 'हे फक्त रक्ताचे झाले. बाकीचे शेजारी बसून विचारावे' असे छापण्यात यावे, तसेच शेजारी बसणाऱ्यास त्या दिवसाची भरपगारी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. अर्जदारास पाय नसल्याने समक्ष येता येणार नाही. कृपया साठ मिनिटांच्या आत उत्तर द्यावे. त्यापुढचे मला मोजता येत नाही.