शिव्या पोचवणाऱ्या हेडफोनची कैफियत

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. माझ्या डाव्या कानाचा स्पंज निघाला आहे, तोंडापुढची माईकची दांडी चिकटपट्टीने बांधलेली आहे. त्याचं मला काही नाही. पण इतकी वर्षं मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलं. स्वतःचं बोलायची ही पहिलीच वेळ. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे दोन्ही कान ओढून पाहिले, मान हलवली आणि मला खोक्यात भरलं. पुढे अम्मानच्या एका दुकानात मी काचेमागे बसून होतो. तिथून मला सल्त गावच्या मुवफ्फकने घेतलं. तो शाळेच्या मुलांची मिनीबस चालवतो. त्याची मुलगी रीमास दहा वर्षांची होती आणि वर्गात पहिली आली होती. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का?" मुवफ्फक म्हणाला, "मुलीसाठी. आणि कुठल्याही मुलाला हरवेल ती."

ते दिवस फार चांगले गेले. रीमास दुपारी शाळेतून आली की दप्तर फेकायची, भाकरीला झातरचा मसाला आणि तेल लावून घ्यायची आणि मला डोक्यावर चढवायची. संगणकावरच्या खेळात, आपापल्या घरून खेळणाऱ्या चार-पाच मुलांची टोळी असे. किल्ला बांधायचा, शत्रूवर चालून जायचं. "डावीकडे बघ, डावीकडे!" "आलो, आलो, मरू नकोस!" हे सगळं मी पोचवायचो. आपल्यावाचून यांचं पान हलत नाही, या तोऱ्यात मी होतो.

मग टोळीत एक भरड्या आवाजाचा पोरगा आला. खेळातलं त्याचं नाव 'काळा विंचू'. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "ही पोरगी आहे? जा बाई, मुलुखियाची भाजी निवडत बस." आणि त्यापुढे त्याने रीमासच्या आईवरून एक शब्द काढला. तो मी इथे सांगणार नाही. तेव्हा मात्र तो मला पोचवावा लागला, कारण मला 'नाही' म्हणता येत नाही. रीमासचा कान तापला. ते मला लगेच कळतं.

दोन आठवडे तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात तिने तोच शब्द परत फेकला. सगळी टोळी खो खो हसली. काळा विंचू म्हणाला, "शाब्बास! ही तर आपल्यातलीच निघाली!" त्या दिवसापासून तिला कुणी भाजी निवडायला पाठवलं नाही. मला हायसं वाटलं, मित्रांनो. तिथेच मी चुकलो.

कारण जिभेला हाड नसतं. बारा वर्षांची होईपर्यंत रीमास त्या सगळ्यांच्या वरताण झाली. आणि तिचा मारा होई तो ओबैदावर. ओबैदा नऊ वर्षांचा, मादबा गावचा. खेळायचा वाईट, सगळ्यात आधी मरायचा. तो मेला की रीमास त्याच्या आईचा उद्धार करायची आणि बाकीचे हसायचे. ओबैदा गप्प व्हायचा. मला पलीकडून फक्त त्याचा श्वास ऐकू यायचा. मग थोड्या वेळाने तो म्हणायचा, "चल, परत खेळू." त्या 'परत खेळू'ने माझी झोप उडाली. शिवी ऐकून भांडला असता तर बरं झालं असतं.

शेजारच्या खोलीत रीमासची आई अबीर शाळेचे गणवेश शिवत बसलेली असे. पालकांच्या फोनवर निरोप फिरत होते: खेळात मुलांना घाणेरडं ऐकावं लागतं, लक्ष ठेवा. अबीर दर चार दिवसांनी विचारायची, "तुला कुणी वेडंवाकडं बोलत नाही ना गं?" रीमास म्हणायची, "नाही, आई." प्रश्नच उलटा होता, तर उत्तर सरळ कसं येणार?

एकदा रीमास मला टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेली. माझा आवाज मोठा ठेवलेला होता. तेवढ्यात मुवफ्फक खोलीत आला आणि काळा विंचू माझ्यातून गरजला. मुवफ्फक लालबुंद झाला. "माझ्या घरात? माझ्या मुलीला?" तो तडक आपल्या वडिलांकडे, हाज अव्वादांकडे गेला.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी कुणाला दुखावलं तर दुखावणाऱ्याच्या घरची वडीलधारी मंडळी दुसऱ्याच्या दारी जातात. त्या मंडळींना जाहा म्हणतात. घरधनी कडू कॉफी पुढे ठेवतो, पण जाहाचा म्होरक्या ती पीत नाही. मागणं मान्य झालं तरच घोट घ्यायचा. हाज अव्वाद असल्या चाळीस जाहांत बसून आलेले. सून मागायला, अपघात मिटवायला, एकदा तर एका बोकडापायी. ते कडाडले, "त्या पोराच्या घरच्यांनी जाहा घेऊन आपल्या दारी यायला हवं. घराणं कुठलं त्याचं?"

"खेळात त्याला काळा विंचू म्हणतात," मुवफ्फक म्हणाला.

"काळा विंचू? हे घराणं मी कधी ऐकलं नाही. मआनकडचं का?"

घराण्याचा पत्ता नाही, पण हाजसाहेबांनी कॉफीचे दाणे भाजायला घातले, सहा म्हाताऱ्यांना अबाया, म्हणजे मानाचे झगे, इस्त्री करून ठेवायला सांगितल्या आणि अर्ध्या गल्लीला बातमी दिली. बाजारात तुरी, तसला प्रकार.

नाव शोधायचं काम अबीरने अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रीमासला भाकरी आणायला पिटाळलं, चालू खेळासमोर बसली आणि मला कानाला लावलं. तिला सांगावंसं वाटत होतं, बाई, ऐकू नका. पण मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पोचवतो.

अबीर नुसती ऐकत राहिली. थोड्या वेळाने ओबैदाचा बारीक आवाज आला. "रीमास, आज गप्प का? मी दोनदा मेलो. आज माझ्या आईला शिव्या नाही घालायच्या?"

बाकीची पोरं हसली. अबीरचा हात टेबलावर तसाच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. मग ती माईकमध्ये म्हणाली, "बाळा, मी रीमासची आई बोलतेय."

काळा विंचू आणि बाकीचे एका क्षणात पसार झाले. ओबैदा तेवढा राहिला.

"कोणाचा तू?" अबीरने विचारलं. त्याने घराणं सांगितलं, गाव सांगितलं. "काय म्हणते ती तुझ्या आईला?"

"नाही सांगणार. माझी आई आहे ती."

"तू घरी सांगितलंस का?"

"नाही. आईला वाईट वाटेल. आणि खाला, तुम्ही रीमासला रागवू नका. ती असली की आम्ही जिंकतो."

रीमास भाकऱ्या घेऊन आली तेव्हा आई, बाबा आणि आजोबा तिघंही समोर उभे होते. ती रडायलाच लागली. "त्यांनी आधी सुरुवात केली! मला रोज बोलायचे!"

"त्यांनी म्हणजे ओबैदाने?" अबीरने विचारलं.

रीमासने मान खाली घातली. "नाही. ओबैदा कधीच नाही."

मुवफ्फकने मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. माझी दांडी मोडली ती तेव्हा. "ह्यानेच नासवलं पोरीला!" तो ओरडला. अबीर म्हणाली, "कान मोडून जीभ सुधारते का हो? आपण दोघं दारात राखण करत बसलो, आणि आत काय चाललंय ते पाहिलंच नाही."

हाज अव्वाद बराच वेळ जपमाळ ओढत बसले. त्यांची तर गल्लीत मान जायची पाळी होती. शेवटी ते म्हणाले, "कॉफी भाजलेली आहे. अबाया इस्त्री केलेल्या आहेत. जाहा निघणार. फक्त आपण बसायचं नाही, आपण जायचं." अबीर चपला घालू लागली तशी ते म्हणाले, "सूनबाई, जाहात बायका नसतात."

"शिवी दिली मुलीने, दिली बाईला, आणि माफी मागणार सात दाढ्या? मीही येणार आणि रीमासही."

हाजसाहेबांनी हरकत घेतली नाही. उलट मला उचलून रीमासच्या हातात दिलं. "सुरी मारली असती तर सुरी नेली असती. हे घे."

आम्ही सगळे मिनीबसने मादब्याला निघालो. रीमासच्या तळहाताचा घाम मला लागत होता. ओबैदाचा बाप फरशीत नक्षीचे खडे बसवणारा. सात म्हातारे दारात पाहून तो गोंधळला. कारण कळल्यावर तर ओशाळलाच. त्याने कॉफी ओतली. हाज अव्वादांनी कप जमिनीवर ठेवला आणि मागणं सांगितलं. "पोरांचं भांडण हो, हाजसाहेब," तो म्हणाला, "सोडून द्या, कॉफी घ्या."

"एक मिनिट." आतल्या दारात ओबैदाची आई उभी होती. उंच बाई, हाताला पीठ लागलेलं. ओबैदा तिच्या मागे लपला होता. "बोलणं मला लागलंय. माफ मी करायचं. पण काय माफ करतेय ते तर कळू दे. मुली, कुठला शब्द?"

रीमासने तोंड उघडलं. जो शब्द माझ्यातून शेकडो वेळा गेला, तो तिच्या ओठांवर येईना. हाज अव्वादांच्या कपातली कॉफी निवत चालली.

ओबैदाची आई पुढे आली. तिने मला रीमासच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या कानांवर चढवलं. पिठाचे हात, वायर लोंबत होती. "तोंडावर जमत नाही ना? मग त्या दारामागे जा. रोज जशी न दिसता बोलतेस तशी बोल. मी ऐकतेय."

रीमास दारामागे गेली. माझी वायर कशालाच जोडलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातून काहीच जात नव्हतं, आणि मला कधी नव्हे इतकी भीती वाटत होती. त्या बाईच्या कानाची शीर उडत होती, ती मला कळत होती. ज्या आईला आम्ही रोज दोघांनी मिळून घाण केलं, ती ही. ती श्वास रोखून वाट पाहत होती.

दारामागून हुंदका आला. "खाला, नाही येत मला. मला तुम्ही दिसताय."

ओबैदाच्या आईने मला काढून डोळे पुसले आणि हाजसाहेबांना म्हणाली, "घ्या, कॉफी घ्या. गार झाली, मी दुसरी करते."

"हीच घेतो," हाज अव्वाद म्हणाले, आणि एका घोटात प्यायले.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी निवांत झालो असतो. पण खेळ चालू आहे आणि माणसं तीच आहेत. महिन्याने अबीरने मला चिकटपट्टी लावून रीमासला परत दिलं. आता खोलीचं दार उघडं असतं, आणि अबीर कधीमधी येऊन मला कानाला लावते. परवा काळा विंचू पुन्हा टोळीत आला आणि त्याने पुन्हा तोच शब्द काढला. रीमासचा कान तापला. तिने श्वास घेतला. मी तिचं डोकं घट्ट धरून बसलो. आता काय येतंय, आता काय येतंय!

"तुझी आई घरात आहे का?" रीमासने विचारलं. "स्वयंपाकघरात असेल तर माझा सलाम सांग."

पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. मग लांबून एका बाईची हाक आली, जेवायला ये रे म्हणून, आणि काळ्या विंचवाने हळूच माईक बंद केला.