फळ्यावरचं उत्तर

आष्ट्याच्या चौकातल्या फळ्यावर कुणीही खडू उचलावा आणि लिहावं, अशी शहाण्णव साली रीत होती. मयत, हरवलेली म्हैस, लाइट कधी जाणार, सगळं तिथंच कळायचं. रोज सकाळी चहावाला सयाजी ओल्या फडक्यानं फळा पुसून ठेवायचा.

अंगणवाडीच्या बनाबाईंनी त्यावर आयुष्यात एकदाच तक्रार लिहिली. लेकीच्या, दीक्षाच्या, लग्नासाठी भाऊसोंच्या कापडदुकानातून पांढरी साडी घेतली होती. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरीच नेसते. पहिल्याच पाण्यात निळ्या काठाचा रंग साडीभर पसरला. दाखवायला गेल्या तर भाऊसोंनी मान वर केली नाही. मग दोन सरळ ओळी लिहिल्या, वावगा शब्द एक नाही.

दुपारी खाली लाल खडूनं उत्तर आलं. 'पांढरं लुगडं मयताला घेत्यात. एकदा नेसायचं कापड टिकतंय कशाला? – भाऊसो.'

म्हणजे कुणासाठी हवी एवढंही न विचारता त्या बाबानं मयताच्या गठ्ठ्यातली साडी नवरीसाठी बांधून दिली होती! चौक हसला. दीक्षा घरी येऊन रडली. बनाबाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सयाजीनं फळा पुसला आणि बनाबाईंनी अंगणवाडीत जाता जाता भाऊसोंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, वर फक्त 'कापडवाल्यांचे गिऱ्हाइकाला उत्तर'. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्याही. ऐन लग्नसराई होती. बस्ता बांधायला आलेल्या बाया फळा वाचायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि सरळ सांगलीची एसटी धरायच्या. भाऊसो गादीवर माश्या मारत बसलेले दिसायचे. खोटं कशाला बोला, बनाबाईंना ते गुळासारखं गोड लागायचं.

तेविसाव्या दिवशी भाऊसो नवी साडी घेऊन दारात उभे राहिले.

"आवं बनाबाई, चुकलं माजं. ही घ्या, पर तेवढं लिवायचं थांबवा."

"दीक्षा सांगलीची साडी नेसून नांदाय गेली. तुमी बोलला चौकात, आन् माफी माज्या उंबऱ्यात व्हय? फळा हाय की."

दुसऱ्या दिवशी भाऊसोंनी सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बनाबाई व दीक्षा यांची माफी मागतो.' चहाचे कप हातात घेऊन माणसं गोळा झाली. बनाबाई आल्या, सावकाश वाचलं.

"अक्षर बरं हाय तुमचं."

भाऊसोंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बनाबाईंनी पिशवीतून खडू काढला.

"आता आनि काय वं?"

"माफी वाचली लोकांनी. कशाची, ते बी वाचू द्या की."

माफीच्या वर मोकळी जागा होती. तिथं त्यांनी 'पांढरं लुगडं' असं टपोरं लिहायला सुरुवात केली. भाऊसोंचा हात ओल्या फडक्याकडं गेला. सगळा चौक त्या हाताकडं बघत होता. भाऊसोंनी तो मुकाट्यानं खिशात घातला.