नकाशातल्या फांद्या कोण तोडतो?

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी एका संशयाची हकिगत आरंभापासून अंतापर्यंत निवेदन करणार आहे. त्या संशयापायी माझ्या सख्ख्या भाचीची नोकरी जाण्याची वेळ आली होती, आणि तिच्यावर पाळत ठेवण्याचे काम मजकडेच सोपविण्यात आले होते. माझे शिक्षण आठव्या इयत्तेपाशी थांबले. परंतु वाचनाची आवड असल्यामुळे, जे पाहिले ते नीट भाषेत मांडण्याचा यत्न करतो.

आमचे कार्यालय वेब ॲप्लिकेशन तयार करते. मी तेथे किल्ल्या, दारे व सामान सांभाळतो. भाची मला मामा म्हणते म्हणून सारेच मला किल्लीमामा म्हणू लागले, मालकसुद्धा. ती तेथे डिझाइनर आहे, आणि तिच्यासाठी मालकांपाशी शब्द टाकला होता तो मीच.

आमच्याकडे कोणतेही काम हाती घेतले की प्रथम त्याचा माइंड मॅप होतो. पडद्याच्या मधोमध कामाचे नाव लिहितात आणि त्यातून चहूकडे फांद्या फुटतात. फांद्यांना पुन्हा पोटफांद्या. एखादी फांदी बोटाने ओढून दुसरीवर सोडली की ती तिच्या पोटात जाते. जी फांदी डोळ्यांसमोर नको असेल ती मिटवून ठेवता येते, मग तिच्यातले काहीच दिसत नाही. आमच्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ‘नंतर पाहू’ नावाची अशी एक फांदी कायम मिटलेली असे. तिच्यात ग्राहकांच्या अवास्तव इच्छा टाकलेल्या असल्यामुळे ती उघडण्याचे धाडस कोणी करीत नसे. हा नकाशा मीटिंग रूमच्या भिंतीवरील मोठ्या टच स्क्रीनवर दिवसभर उघडा असे, आणि प्रोग्रामर तो पाहूनच एकेक पान बांधीत. फांदी नाही तर पान नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता.

त्या सुमारास दातांच्या एका दवाखान्याचे काम चालू होते. रुग्णांनी घरबसल्या वेळ ठरवावी, अशी योजना होती. डॉक्टरीणबाईंनी चाचणी पाहिली आणि विचारले की घेतलेली वेळ रद्द कशी करायची. ते पान नव्हतेच. भाचीने सांगितले की ती फांदी तिने स्वतः आखली होती. नकाशात पाहिले, तर फांदी नाही. तिने पुन्हा आखली. पुढच्याच आठवड्यात ‘आठवणीचा संदेश’ ही फांदी नाहीशी झाली, आणि तिच्यामागून ‘डॉक्टरांची रजा’.

आमचे मुख्य प्रोग्रामर उपदेश फार करतात म्हणून त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी नकाशाचा इतिहास उघडला. बदल कोणाच्या नावावर आणि केव्हा झाला एवढेच त्यात दिसे. कोणता झाला हे पाहण्यासाठी वरचे पैसे भरावे लागत, आणि मालक ते भरीत नसत. प्रत्येक बदल सकाळचा होता, आणि तो मीटिंग रूमच्या नावावर होता. त्या पडद्याचा पासवर्ड केवळ भाचीला ठाऊक होता. रोज सकाळी तो चालू करणारीही तीच.

गुरुजी म्हणाले, कुंपणच शेत खाते तेव्हा फिर्याद करावी कोणाकडे. भाची तेथेच बसली होती. तिने मान वर केली नाही.

दोन दिवसांनी मालकांनी मला आत बोलावले. बोलताना ते चष्मा काढून रुमालाने पुसत होते. स्वच्छतेचे त्यांना विलक्षण वेड. आधी चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग जी काच समोर येईल ती पुसायची, अशी त्यांची रीत होती.

“भाची तुमची आहे, म्हणून तुम्हालाच सांगतोय,” ते म्हणाले. “डोळे उघडे ठेवा. शुक्रवारी डॉक्टरीणबाई येतायत. त्या दिवशी एक फांदी जरी कमी दिसली, तरी मी तिला ठेवणार नाही.”

मी मान डोलावली. माझी भाची असे करणार नाही, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. परंतु आदल्याच दिवशी जिन्यात मी तिला फोनवर बोलताना ऐकले होते. ‘इथल्या कोणाला कळायला नको,’ असे ती दबल्या आवाजात म्हणत होती. समोरच्या इमारतीत आमच्यासारखेच काम करणारे दुसरे कार्यालय आहे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती गप्प बसेना. घरी ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, विचारले, पोरगी हल्ली नीट जेवत का नाही. मी कामाचा ताण सांगून वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटिंग रूमच्या काचेच्या दारापाशी तेलाची बुधली घेऊन उभा राहिलो. भाचीने पडदा चालू केला, पासवर्ड घातला, एकेक फांदी न्याहाळली.

“मामा,” ती मागे न पाहता म्हणाली, “त्या कुलपाला तुम्ही कालच तेल घातलंत.”

ती कॉफी आणायला गेली. तेवढ्यात मालक आले, नेहमीप्रमाणे रुमाल काढला आणि पडद्याकडे वळले. मी कुलपाकडे वळलो. मालकांवर पाळत ठेवण्याचे काम मला कोणी दिले नव्हते.

शुक्रवार उजाडला. डॉक्टरीणबाई, गुरुजी, भाची सारे पडद्यासमोर बसले होते आणि मी पाण्याचे पेले मांडीत होतो. भाचीने सकाळीच सर्व फांद्या पुन्हा जागच्या जागी आखल्या होत्या. मालक पडद्याशेजारी उभे राहून गंभीरपणे म्हणाले की, आरंभी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्याच माणसांपैकी कोणीतरी या कामात खोडा घालत आहे. भाचीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

एवढ्यात मालकांना पडद्यावर बोटाचा डाग दिसला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, कपाळावर चढवला, आणि बोलता बोलताच वरून खालच्या कोपऱ्यापर्यंत रुमाल फिरवला. ‘वेळ रद्द करणे’ ही फांदी रुमालाखालून सरपटत खाली गेली आणि ‘नंतर पाहू’च्या पोटात नाहीशी झाली. चष्मा कपाळावर असल्यामुळे ती न दिसलेला मनुष्य त्या खोलीत एकच होता.

“साहेब,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “तो डाग नव्हता. ती माझी फांदी होती.”

भाची उठली. तिने ‘नंतर पाहू’ उघडली. हरवलेल्या साऱ्या फांद्या तेथे सुखरूप होत्या. काही तर दोन-दोनदा. गुरुजींना त्या क्षणी उपदेश सुचला नाही. मालकांनी चष्मा नाकावर घेतला, पडद्याकडे पाहिले आणि रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. डॉक्टरीणबाईंनी काम पुढे चालू ठेवले. मालकांनी सर्वांसमक्ष भाचीची क्षमा मागितली, हेही नमूद केले पाहिजे.

सायंकाळी भाची जिन्यात भेटली. मी म्हणालो की झाले गेले, आता निर्धास्त राहा.

“तुम्हालाही वाटलं होतं ना, मामा?”

खोटे बोलणे शक्य होते. कुलपाची तेवढी साक्ष नसती तर कदाचित बोललोही असतो.

“वाटलं होतं,” मी म्हणालो.

मग तिने सांगितले की मालकांनी काढण्यापूर्वी आपणच निघावे म्हणून ती दुसरीकडे विचारीत होती; तो फोन त्याचाच. तेथे जागा मिळाली होती.

“पण आता कशाला जातेस? सगळा उलगडा झाला की.”

“नकाशाचा झाला,” ती म्हणाली.

दवाखान्याचे काम पुरे करूनच ती गेली. जाताना पासवर्ड मालकांना दिला आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मालक हल्ली पडदा बंद करून मगच पुसतात. ताईला मी सारे सांगितले, तेलाच्या बुधलीसकट. भाची आठवड्यातून एकदा घरी भेटते, मामा म्हणते, पण फोन आला की बोलायला बाहेर जाते. मी जागचा हलत नाही.

येथे ही हकिगत संपली. आपण ती शेवटपर्यंत धीराने वाचलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
किल्लीमामा