डावा अंगठा, उजवा हात

३१ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी सव्वादहा वाजता हायडेलबर्गमधल्या एका खासगी हमामात मी एका आजींच्या हातून निसटलो आणि संगमरवरी फरशीवर आपटलो. कोणाला इजा झाली नाही. माझ्या काठाला मात्र एक पोचा पडला. तो अजून आहे.

मी अंगावर पाणी ओतायचा एक जुना, पसरट तांब्याचा वाडगा आहे, मित्रांनो. जे पाहिलं ते सांगतो. जे नुसतं ऐकलं, ते ऐकलेलं म्हणूनच सांगेन.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपचा. एका कारागिराने तांब्याचा पत्रा लाकडी ओंडक्यावर ठेवला आणि दोन दिवस हातोडीने ठोकून मला आकार दिला. बाहेरून माझ्या अंगावर त्या ठोक्यांच्या बारीक खुणा आहेत. आतून त्याने कथलाची कल्हई केली. तेव्हा मी आतून चांदीसारखा दिसत असे. नेर्मिन नावाच्या मुलीच्या लग्नाआधीच्या स्नानासाठी तिच्या आईने मला विकत घेतलं. नेर्मिन लग्न होऊन जर्मनीत आली, तेव्हा मी तिच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला होतो.

पुढे नेर्मिनने हायडेलबर्गमध्ये हे हमाम काढलं. लहानशी जागा आहे. मध्ये खालून तापवलेला दगडी ओटा, भिंतीलगत पाण्याच्या संगमरवरी कुंड्या. एका वेळी एकच कुटुंब येतं, दोन तास जागा त्यांची. कुंडीतून पाणी घ्यायचं आणि अंगावर ओतायचं, हे माझं काम. ते मी पंधरा वर्षं केलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी येणारे विद्यार्थी पाहिले, डोंगर फिरून आलेली म्हातारी जोडपी पाहिली. अनेकांनी मला हातात फिरवून "किती सुंदर" म्हटलं.

मग कल्हई झिजली. आधी तळाला, मग अंगठा टेकतो तिथे. आतलं तांबं उघडं पडलं, त्यावर हिरवट डाग धरू लागले. मला पुन्हा कल्हई करणारं आसपास कोणी नव्हतं. नेर्मिनने स्टीलचे वाडगे मागवले आणि मला वरच्या फळीवर पालथं ठेवलं, म्हणजे आतली बाजू कोणाला दिसू नये. माणसं जास्त आणि वाडगे कमी असले, तरच मला खाली काढत.

त्या गुरुवारी मी खाली आलो, कारण तिघी आल्या होत्या.

पहिली ऊर्मिला, कार्ल्सरूहेला राहणारी, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी. दुसरी तिची मुलगी इरा, वय नऊ. तिसऱ्या ऊर्मिलाच्या सासूबाई शोभनाआजी. त्या ऑगस्टमध्ये संगमनेरहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. ऊर्मिलाचा नवरा हृषिकेश गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करणारा इंजिनिअर. तो बाहेर कॉफी पीत थांबला होता, कारण वेळ बायकांची होती. शाळेला सुट्टी होती म्हणून सगळे दोन दिवस हायडेलबर्ग बघायला आले होते, आणि त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. दिवाळीची पहिली आंघोळ.

आदल्या वर्षी त्यांनी ती घरीच केली होती. शॉवरच्या काचेच्या खोक्यात पाट मावला नाही. तेलाने इरा घसरली. पहाटे पाचला पाणी सोडलं म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारावर चिठ्ठी लावली, त्यात 'रूहेत्साइट', म्हणजे शांततेची वेळ, हा शब्द तीनदा अधोरेखित होता. म्हणून यंदा ऊर्मिलाने हमाम ठरवलं. गरम दगड, भरपूर पाणी, बघायला कोणी नाही.

त्या बोलत होत्या ती मराठी तेव्हा मला येत नव्हती. पुढच्या तीन आठवड्यांत ती शिकलो, आणि त्या सकाळचं बोलणं त्यांच्या घरात इतक्या वेळा पुन्हा झालं की माझं पाठ झालं.

आजींनी पिशवीतून तिळाच्या तेलाची बाटली काढली, उटण्याची पुडी काढली आणि उंबऱ्याशी एक हिरवा गोळा ठेवला. करीट जर्मनीत मिळालं नाही, म्हणून त्यांनी रोझेनकोल आणला होता. कोबीची पिल्लं असावीत तशी ही भाजी असते.

"हे काय?" नेर्मिनने विचारलं.

"राक्षस आहे," इराने तिला जर्मनमध्ये सांगितलं. "डाव्या अंगठ्याने चिरडायचा."

आजींनी चिरडला. नेर्मिनने शांतपणे फडकं आणलं, दगड पुसला आणि तेलाच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "राक्षस चालेल. तेल ओट्यावर चालणार नाही. माणसं घसरतात."

ऊर्मिलाने समजावलं, तेव्हा तडजोड झाली. बाहेरच्या लाकडी बाकावर टॉवेल टाकून तेल लावायचं, उटण्याने अंग पुसायचं आणि मग आत यायचं. अंगावर पाणी ओतून चोळून द्यायला नेर्मिन स्वतः तयार होती. आजींनी मान हलवली.

"त्यांना म्हणावं, सुनेने अंग चोळायचं म्हटलं तरी मी नको म्हणते. माझं मी करीन."

"अहो आई, ते त्यांचं कामच आहे."

"असू दे. मी अजून धडधाकट आहे."

ह्या वाक्यामागे एक गोष्ट होती. महिनाभरापूर्वी जेवताना हृषिकेशने विषय काढला होता, की आईने संगमनेरला एकटं राहू नये, इंदूरला लतिकाकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे, कायमचं जावं. आजी म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी माझी आंघोळ मला करता येणार नाही, त्या दिवशी जाईन. तोवर माझं घर मला पुरे." सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. हे मी नंतर ऐकलं.

इरा बाकावर बसली. आजींनी वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या टाळूवर तेल ठेवलं. डाव्या हाताने.

"आबर आज्जी!" इरा मागे वळली. "फूस लिंक्स, हांट रेख्ट्स! पाय डावा, हात उजवा. काल तूच शिकवलंस."

खरंच आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आजींनी तिला सगळं शिकवलं होतं. अंगठा डावा, हात उजवा, सणाच्या दिवशी तेल डाव्या हाताने लावायचं नाही. इरा विसरणारी मुलगी नव्हती.

"चुकून झालं," आजी म्हणाल्या आणि उजवा हात टाळूकडे नेला. तो खांद्याच्या खालीच थांबला. इरा बसलेली होती, म्हणून कसाबसा पोहोचला.

मग सगळ्या आत आल्या. आजींनी फळीजवळून मलाच उचललं, कुंडीत बुडवलं आणि उभ्या इराच्या डोक्यावर पाणी घालायला मला उजव्या हाताने वर नेऊ लागल्या. छातीपर्यंत गेलो. तिथे त्यांचा हात अडला. बोटं सुटली.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

आवाज विरल्यावर ऊर्मिलाने नळ बंद केला.

"कधीपासून, आई?"

"कशाचं कधीपासून? ओलं होतं, निसटलं."

"आई."

"जूनपासून," आजी म्हणाल्या. "वरच्या फळीवरून मोठं पातेलं काढताना कळ आली. जाईल म्हटलं."

"आणि रोजची वेणी? मला वाटलं नातीला शिकवताय."

"शिकलीच की ती."

"इश कान् आउख फ्रान्झ्योसिश," इरा म्हणाली. तिला आता फ्रेंच वेणीसुद्धा येते, असं तिचं म्हणणं होतं. कोणी हसलं नाही, मग आजीच हसल्या.

नेर्मिन धावत आली होती. आजींनी आधी मला उचललं, डाव्या हाताने. काठ पाहिला. नखाने टिचकी मारून मला कानाशी धरलं. आत पाहिलं, पालथं करून ठोक्यांवरून बोट फिरवलं.

"साच्यातला नाही. हाताने ठोकलाय," त्या म्हणाल्या. "पण कल्हई पार गेली ह्याची. मी पुण्याच्या तांबटाची मुलगी आहे, सांग त्यांना."

ऊर्मिलाने सांगितलं. नेर्मिन म्हणाली, "माहीत आहे. म्हणून पालथा ठेवते. इथे करणारं कोणी नाही, आणि आईचा आहे म्हणून टाकवत नाही."

"माझ्या वडिलांच्या आळीत अजून दोघं करतात. पोचाही काढतील. मी पाडला, मीच नीट करून देते."

नेर्मिनने मला हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि परत आजींच्या हातात दिलं. "देत नाही. उसना," ती म्हणाली. "परत आणायचा."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आजी म्हणाल्या. एवढा एक शब्द त्यांना चांगला जमत होता.

मग त्या ओट्यावर बसल्या आणि नेर्मिनला हात लावू दिला. नेर्मिनने खांद्यावर बराच वेळ गरम पाणी ओतलं, माझ्यानेच. मग हात धरून हळूहळू वर नेला, आणि जिथे आजींच्या तोंडून श्वास सुटला तिथे थांबवला.

"आज इथपर्यंत," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही. पण माझ्या आईलाही हे झालं होतं. आधी रिकामा वाडगा उचला, मग थोडं पाणी. रोज."

परतीच्या गाडीत मी आजींच्या मांडीवर होतो. ऊर्मिलाने हृषिकेशला सगळं सांगितलं.

"आई, तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"म्हणाले होते. आंघोळ अजून माझी मीच करते."

"डाव्या हाताने! आणि आमच्यापासून लपवून. संगमनेरला पडलीस तर कोण आहे तिथे?"

"शेजारच्या बाई आहेत."

"त्या तुझ्याहून मोठ्या आहेत."

"म्हणूनच घरी असतात नेहमी."

आजी मग हळू म्हणाल्या, "हृषी, त्या घरात सकाळी मला कोणाला विचारावं लागत नाही. लतिका चांगलीच आहे रे. पण तिथे चहा कधी टाकायचा, हेही विचारावं लागेल."

ऊर्मिला म्हणाली, "आई, बावीस तारखेला तुमचं विमान आहे. त्या दिवशी सकाळी हाच वाडगा काठोकाठ भरून, उजव्या हाताने, डोक्यावर ओतून दाखवा. जमलं तर संगमनेर. नाही तर इंदूर. आणि तोवर काही लपवायचं नाही."

"ठरलं," आजी म्हणाल्या. हृषिकेशने नुसते खांदे उडवले. ऊर्मिलाने ते हो धरलं.

कार्ल्सरूहेचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले की खांदा आखडला आहे, सावकाश सुटेल. त्यांनी व्यायामाचा कागद दिला आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथलं सगळ्यात लवकरचं टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ४ डिसेंबरची मिळाली. व्हिसा २२ नोव्हेंबरला संपतो.

तेव्हापासून रोज सकाळी सातला मी कामावर असतो. शॉवरच्या काचेवर इराने भुवया रंगवायच्या पेन्सिलीने रेघा काढल्या आहेत. आज्जीचा हात जिथे थांबेल तिथे रेघ, शेजारी तारीख. १ नोव्हेंबरला रिकामा मी छातीशी. ७ तारखेला पाव भरलेला, हनुवटीशी. १३ ला पुन्हा तीच हनुवटी. १६ ला अर्धा भरलेला, कानाशी.

"शुमेल्न नाही करायचं," म्हणजे लबाडी नाही करायची, असं इरा बजावते, कारण आजी मान खाली घालून डोकंच वाडग्याकडे नेतात, हे तिने पकडलं आहे.

"अगं, मान माझीच आहे ना?"

"मान सरळ, आज्जी!"

मित्रांनो, पंधरा वर्षं मी कौतुक ऐकलं, पण त्या टिचकीआधी नेर्मिनखेरीज कोणी मला आतून नीट पाहिलं नव्हतं. मीही दाखवलं नाही. पालथं राहणं सोपं असतं. थर पातळ होत असताना सांगितलं, तर कल्हईवाल्याचं काम तासाभराचं असतं. म्हणून तुमच्या घरातलं भांडं असो की माणूस, अधूनमधून उजेडात धरून बघत जा. आणि तुमचं स्वतःचं काही दुखत असेल, तर जूनचं जूनमध्येच सांगा.

आज २१ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाऊण भरलेला मी आजींच्या कपाळापर्यंत पोहोचलो. तिथे हात थांबला. काठाच्या पोच्यातून थोडं पाणी सांडलं आणि त्यांच्या केसांत गेलं. मान सरळ होती, इराने तपासलं. ह्याला डोक्यावर ओतणं म्हणायचं की नाही, ह्यावर घरात दोन मतं आहेत. हृषिकेशने मत दिलेलं नाही. पण दुपारी त्याने संगमनेरच्या शेजारच्या बाईंचा नंबर आईकडून मागून घेतला आणि आपल्या फोनमध्ये ठेवला.

लतिका मुंबई विमानतळावर गाडी घेऊन येणार आहे. तिथून कुठे जायचं, हे तिला उद्या सकाळी कळवायचं आहे. आजींची बॅग बांधून दारात उभी आहे, आत माझ्यापुरती जागा सोडलेली आहे. मी अजून बाथरूममध्ये आहे. काचेवर आजची रेघ कपाळाशी आहे. तिच्या वर, डोक्याच्या उंचीपर्यंत, चार बोटं काच कोरी आहे, आणि इराने पेन्सिल टोक करून खाली ठेवली आहे.