लवकर आलेली तारीख

माघाचं म्लान ऊन तळ्यावर निपचित पडलं होतं. शिशिरानं सागाचं सारं वैभव झडवून नेलं होतं, आणि धूसर, निष्पर्ण, निःशब्द असं अरण्य पाण्याच्या कडेला उभं होतं. एकेक पान गळत होतं. गळताना आवाज होत होता, गळून पडल्यावर मात्र काहीच नाही.

तळ्याकाठच्या त्या गावात देवकाबाई राहांगडाले तीस वर्षं अंगणवाडी चालवत आली होती. किती तान्ह्यांची वजनं तिनं केली, किती पांढुरक्या, रक्तहीन चेहऱ्यांच्या आयांना चिठ्ठी देऊन भंडाऱ्याला धाडलं! "घाबरायचं नाही बाई, मोठ्या दवाखान्यात नीट बघतात," हे तिचं नेहमीचं वाक्य. किती सहज म्हणायची ती!

दिवाळीपासून तिला तळ्याची पाळ चढताना धाप लागू लागली. मग दंडांवर, मांड्यांवर नीलवर्ण डाग उमटले. मार नाही, धक्का नाही, तरी निळे, जांभळे, काळवंडत जाणारे. तालुक्याच्या दवाखान्यात तपासायला रक्त दिलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं अहवाल दोनदा वाचला.

"बाई, पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. याचा उलगडा इथं व्हायचा नाही. नागपूरच्या रक्ततज्ज्ञांना लिहून देतो, अहवालही पाठवतो."

"पण झालंय काय?"

"ते तेच सांगतील," तो म्हणाला, आणि मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागला.

तारीख मिळाली एकवीस दिवसांनंतरची.

एकवीस दिवस! लांबलचक, करडे, पाय ओढत चालणारे दिवस. सकाळ व्हायची, पण उजाडायचं नाही. भात शिजायचा, पण घास उतरायचा नाही. नवरा-बायको समोरासमोर जेवायला बसायची आणि दोघांच्याही मनात असलेल्या त्या एका आजाराचं नाव सोडून जगातलं सगळं बोलायची. अंगणवाडीत गाणं म्हणताना देवकाचा श्वास मधेच तुटायचा. मुलं पुढची ओळ म्हणून टाकायची आणि टाळ्या पिटायची.

काहीही असो, पण एकदाचं कळू दे, असं तिला वाटे. न कळण्याचा तो काळोख तिला सोसवत नव्हता.

भैयालाल, तिचा नवरा, रोज सकाळी न चुकता नागपूरला फोन लावी. साऱ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला तो ताठ, अबोल माणूस फोनवर मात्र वाकून वाकून बोले. "जरा लवकरची तारीख द्या ना जी. एखादा दिवस तरी अलीकडे."

"यादी भरलीय काका," पलीकडची मुलगी रोज तेच सांगे.

नवव्या दिवशी, भर दुपारी, नागपूरहूनच फोन आला. तीच मुलगी होती, पण आवाज निराळा, हलका, जपून पावलं टाकणारा.

"काका, साहेबांनी आज अहवाल पाहिला. उद्या सकाळीच घेऊन या त्यांना. दिलेल्या तारखेपर्यंत थांबू नका म्हणालेत."

"कोणाचा फोन जी?" देवकानं आतून विचारलं.

"नागपूरचा. तारीख मिळाली. उद्याची."

ज्या लवकरच्या तारखेसाठी दोघांनी देव पाण्यात ठेवले होते, ती अशी अवचित दारात आली, आणि घरात कुणालाच हसू फुटलं नाही. यादी भरलेली असताना जागा कुणाला मिळते, हे देवकाला ठाऊक होतं. तीस वर्षं तीच तर ठरवत आली होती, कुणी थांबायचं आणि कुणी आजच निघायचं.

ती भिंतीला टेकून बसली. तिचे हात मांडीवर पडले होते, उघडे, रिकामे, कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे.

भैयालालनं पिशवी काढली. अंगणातल्या दोरीवर तिच्या साड्या वाळत होत्या. त्यानं पहिली ओढली, घडी घालायला गेला; घडी त्याला जमेना.

"देवका, साड्या किती ठेवू?"



"असू द्या," ती म्हणाली, "साऱ्याच ठेवा."

तो एकेक साडी काढत गेला. हिरवी काढली, जांभळी काढली, हळदीच्या रंगाची काढली. आणि मग अंगणात उरली ती नुसती दोरी. ताणलेली, उघडी, उतरत्या उन्हात हळूहळू हलत राहिलेली.